व्हॅल्की: गल्ल्याजवळची फळी, पण मालाची किंमत न बघणारी

व्हॅल्की, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवणारं (कॅश करणारं) सॉफ्टवेअर, चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकू. फुकट आहे, वेगवान आहे, आणि ज्याला रेडिस, म्हणजे ज्यातून ते निघालं ते जुनं सॉफ्टवेअर, येतं त्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. तरीही मुंबईत बसून ज्यांचा डेटा तीन ठिकाणांहून येतो, म्हणजे थोडा इथल्याच सर्व्हरवरून, थोडा सिंगापूरहून आणि थोडा अमेरिकेतून, त्यांनी ते डब्यातून काढून जसंच्या तसं लावू नये. मेमरी भरल्यावर कुठल्या नोंदीला नारळ द्यायचा हे ठरवताना व्हॅल्की एक प्रश्न कधी विचारतच नाही: ही नोंद परत आणायला किती खर्च येईल?

दादरचं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गल्ल्याजवळ एक फळी, वर माळा, आणि मोठा साठा भिवंडीच्या गोदामात. फळी भरली की दुकानदार कुठला माल हलवतो? साखर, कारण ती माळ्यावरून दोन मिनिटांत खाली येते. केशराची डबी चार दिवस कोणी मागितली नाही तरी तो ती फळीवरच ठेवतो. जागा किती लागते तिला, आणि संपली तर परत कुठून आणणार? व्हॅल्की मात्र चार दिवस हात लागला नाही एवढंच बघतं आणि केशर उचलतं.

या निर्णयांना संगणकशास्त्रात ‘ऑनलाइन अल्गोरिदम’ म्हणतात. इथे ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवरचं नव्हे. पुढे कोणती मागणी येणार हे माहीत नसताना आत्ताच्या आत्ता ठरवावं लागणं. भविष्य माहीत असतं तर उत्तर सोपं आहे: जी नोंद सर्वांत उशिरा लागणार ती काढा. लॅस्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये हे मांडलं, आणि आजही बाकी सगळ्या पद्धती त्याच्याशीच ताडून बघतात. १९८५ मध्ये डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी दाखवलं की कॅशमध्ये ‘क’ जागा असतील तर एलआरयू, म्हणजे सर्वांत जुना वापर असलेली नोंद काढणं, भविष्य जाणणाऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ‘क’ पट मिस करतं (मिस म्हणजे मागितलेली नोंद कॅशमध्ये नसणं, हिट म्हणजे असणं), आणि नाणेफेक न वापरणारी कुठलीच पद्धत याहून चांगली हमी देऊ शकत नाही. ऐकायला भयंकर वाटतं. ४ जागा आणि ५ नोंदी एकामागून एक गोल फिरवा: एलआरयूला एकही हिट मिळत नाही, भविष्य जाणणाऱ्याला चारातून एकच मिस. पण त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. एलआरयूला दुप्पट मेमरी द्या, मग निम्म्या मेमरीवाल्या सर्वज्ञाच्या तुलनेत त्याचे मिस दुपटीच्या आतच राहतात. म्हणजे हुशारीपेक्षा रॅम स्वस्त पडते, निदान सगळ्या नोंदी सारख्या आकाराच्या आणि सारख्या किमतीच्या असतील तोवर. घोडं पेंड खातं ते याच ‘असतील तोवर’पाशी.

आता वस्तूकडे. मार्च २०२४ मध्ये रेडिसने बीएसडी हा खुला परवाना सोडला आणि आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रेडिस ७.२.४ पासून व्हॅल्की वेगळं निघालं. मे २०२५ मध्ये रेडिसने आवृत्ती ८ सोबत एजीपीएल या दुसऱ्या खुल्या परवान्याचा पर्याय दिला, पण तोवर बऱ्याच जणांनी घर बदललं होतं. कॅश म्हणून वापरणाऱ्याला फरक दिसतो तो मेमरीत: व्हॅल्की ८.१ मध्ये हॅश टेबल (नोंदी शोधायचं आतलं कोष्टक) नव्याने लिहिलं आहे, त्यामुळे नोंदीमागे साधारण २० बाइट वाचतात, मुदत लावलेली (ठरल्या वेळी आपोआप पुसली जाणारी) नोंद असेल तर ३० पर्यंत. एक कोटी लहान नोंदी असतील तर २०० ते ३०० एमबी. नोंदी मोठ्या असतील तर हा फायदा नजरेतही भरणार नाही.

पहिली तक्रार मूळ सेटिंगची. ‘मॅक्समेमरी’ शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. मशीनची रॅम संपली की लिनक्सच प्रोसेस मारून टाकतं. मर्यादा घातली तरी ‘मॅक्समेमरी-पॉलिसी’ मुळात ‘नोइव्हिक्शन’ असते. म्हणजे कॅश भरली की वाचन चालू राहतं आणि प्रत्येक नवीन लिखाणाला ‘ओओएम’ची, म्हणजे मेमरी संपल्याची, चूक परत येते. डेटाबेस म्हणून हे बरोबर आहे, कॅश म्हणून साफ चूक. ॲमेझॉनच्या इलास्टिकॅश या भाड्याच्या कॅश-सेवेवर घेतलं तर मूळ पॉलिसी ‘व्होलटाइल-एलआरयू’ मिळते, आणि ती जास्त फसवी. ती फक्त मुदत लावलेल्या नोंदींतूनच उचलबांगडी करते. टीममधल्या एखाद्याने मुदत न लावता नोंदी टाकायला सुरुवात केली की त्या कायमच्या भाडेकरू होतात; पागडीची खोलीच म्हणा ना. मुदतवाल्या नोंदींना जागा कमी कमी होत जाते, हिट रेशो आठवड्या-आठवड्याने घसरतो, आणि शेवटी मुदतवाली एकही नोंद उरली नाही की हीच पॉलिसी ‘नोइव्हिक्शन’सारखी वागते. बिघाड होतो आज, कारण असतं दोन महिन्यांपूर्वीच्या कोडमध्ये.

निव्वळ कॅशसाठी ४ जीबीच्या वेगळ्या मशीनवर हे बसवा: मॅक्समेमरी २.५ जीबी, पॉलिसी ‘ऑलकीज-एलएफयू’ (सगळ्या नोंदींतून कमीत कमी वेळा वापरलेली काढणं), ‘सेव्ह’ रिकामं, ‘अपेंडओन्ली’ नो, म्हणजे डिस्कवर स्नॅपशॉट किंवा बदलांची वही लिहिणं बंद. उरलेला दीड जीबी वाया गेला असं समजू नका. क्लायंटला आणि रेप्लिकाला (दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीला) पाठवायच्या बफरची जागा त्यातून जाते, मेमरीचे तुकडे पडतात ते त्यातून, आणि रेप्लिका नव्याने जोडली की प्रोसेस फोर्क होते (स्वतःची जुळी काढते) तेव्हा मेमरीच्या बदललेल्या पानांच्या प्रतीही तिथेच बसतात. स्नॅपशॉट बंद केला तरी रेप्लिका असेल तर फोर्क टळत नाही, हे लक्षात राहत नाही बऱ्याच जणांच्या. लिनक्सचं ‘ओव्हरकमिट मेमरी’ १ करा आणि ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस’ बंद ठेवा. नाहीतर फोर्कनंतर एक बाइट बदलला तरी २ एमबीचं पान कॉपी होतं.

व्हॅल्कीचं एलआरयू खरं एलआरयू नाही, हेही सांगायला हवं. सगळ्या नोंदींची क्रमवार यादी ठेवायला प्रत्येक नोंदीमागे पॉइंटर लागले असते, म्हणून ते दर वेळी ५ नोंदी यादृच्छिक उचलतं, त्यांतल्या जुन्या १६ जागांच्या छोट्या यादीत ठेवतं आणि त्यातली सर्वांत जुनी काढतं. ‘मॅक्समेमरी-सॅम्पल्स’ १० केलं की निकाल खऱ्या एलआरयूच्या अगदी जवळ जातो, सीपीयू थोडा जास्त लागतो. हा अंदाजपंचे कारभार दोष नाही, उलट गुण आहे: वरच्या गोल फिरणाऱ्या उदाहरणात खरं एलआरयू शून्यावर बाद होतं, नमुना घेणारं नाही.

मग एलआरयू सोडून एलएफयू का? रात्रीच्या अहवालामुळे. पहाटे दोनला एखादं काम सगळ्या ग्राहकांच्या नोंदी ओळीने वाचतं, प्रत्येक फक्त एकदा. एलआरयूच्या दृष्टीने त्या सगळ्या ‘ताज्या’. दिवसभर लागणाऱ्या नोंदी बाहेर फेकल्या जातात आणि सकाळी आठला मूळ डेटाबेस धापा टाकतो. एलएफयू किती वेळा वापर झाला ते मोजतं. प्रत्येक नोंदीमागे ८ बिटांचा मोजक असतो, नव्या नोंदीचा ५ पासून सुरू होतो, आणि तो लॉगरिदमने वाढतो: ‘एलएफयू-लॉग-फॅक्टर’ १० असताना १०० वापरांना साधारण १०, हजाराला १८, एक लाखाला १४२ आणि दहा लाखांच्या आसपास २५५ वर थांबतो.

खरी गोम ‘एलएफयू-डिके-टाइम’मध्ये आहे आणि मुंबईच्या वापराला ती नेमकी नडते. मूळ किंमत १, म्हणजे हात न लागलेल्या प्रत्येक मिनिटाला मोजक एकाने उतरतो. आता लोकलच्या वेळा दाखवणारं, डबा किंवा रिक्षा मागवायचं कुठलंही ॲप घ्या. गर्दी सकाळी ११ पर्यंत, मग थेट संध्याकाळी साडेपाचनंतर. मधली ३९० मिनिटं. सकाळी २५५ वर पोचलेली नोंद मध्ये कोणी विचारली नाही तर सव्वातीनला शून्यावर येते. त्या वेळी एखादा अहवाल चालला, तर त्याच्या एकदाच वाचलेल्या नोंदी ५ वर, आणि विरार-चर्चगेटचं वेळापत्रक ० वर. नारळ कोणाला, हे सांगायला नको. डिके-टाइम ३ करा: त्याच ३९० मिनिटांत १३० कमी होतात आणि नोंद १२५ वर उभी राहते. १० केलं तर कालचा माल आजही अडून बसतो. पावसाने गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं आणि सगळे अचानक नवीन पान बघू लागले, तर जुने मोजक उतरायला फार वेळ लागतो. ३ ते ५ च्या मध्ये कुठेतरी तुमचा आकडा सापडेल.

आता मुख्य दुखणं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या खाली कोणीही उतरू शकत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला साधारण १३,००० किलोमीटर, म्हणजे १३०. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून मोठेच. शेजारच्या डेटाबेसमधून आणायला २ मिलिसेकंद. एवढा फरक असताना ‘हिट रेशो ९५ टक्के’ या आकड्याला अर्थ राहत नाही. १०० मागण्यांत ५ मिस आणि पाचही अमेरिकेचे, तर ६५० मिलिसेकंद. १० मिस पण सगळे शेजारचे, तर २०. नव्वदवाला पंचाण्णववाल्याहून तीसपट बरा.

यावरचं औषध १९९७ पासून माहीत आहे. पेई काओ आणि सँडी इराणी यांनी वेब प्रॉक्सीसाठी मांडलेली ‘ग्रीडी ड्युअल साइझ’ पद्धत. प्रत्येक नोंदीचं वजन म्हणजे आणण्याचा खर्च भागिले आकार, अधिक एक चालता पाया. सर्वांत हलकी नोंद काढायची आणि पाया तिच्या वजनापर्यंत वर उचलायचा; एखादी नोंद पुन्हा वापरली की तिचं वजन नव्या पायावर मोजायचं. १ केबीची शेजारची नोंद: २. १ केबीची अमेरिकेची: १३०. १०० केबीची अमेरिकेची: १.३. म्हणजे आधी अवाढव्य नोंद जाते, मग शेजारची, आणि केशराची डबी शेवटपर्यंत टिकते. पाया वर सरकत राहतो म्हणून न वापरलेली महाग नोंदही कधी ना कधी जातेच. व्हॅल्कीच्या तयार पॉलिसींत ही नाही. आमच्या मते एवढ्या मोठ्या समाजाने चालवलेल्या वस्तूत ही उणीव खटकणारी आहे.

पळवाटा दोन. सोपी म्हणजे व्हॅल्कीचे दोन वेगळे इन्स्टन्स (स्वतंत्र चालणारे सर्व्हर): एक जवळच्या डेटासाठी, एक लांबच्यासाठी, प्रत्येकाला आपली मॅक्समेमरी. एकाच इन्स्टन्समधले क्रमांकाचे डेटाबेस चालणार नाहीत, कारण मेमरीची मर्यादा आणि उचलबांगडी सगळ्यांत सामाईक असते. तोटा असा, की एकीकडे जागा रिकामी पडली तरी दुसऱ्याला मिळत नाही.

दुसरी वाट जरा कारागिरीची. ‘व्होलटाइल-टीटीएल’ पॉलिसी ज्याची मुदत सर्वांत आधी संपणार ती नोंद काढते. मग मुदतीलाच वजन बनवा: ६०० सेकंद, अधिक ३० गुणिले (खर्च मिलिसेकंदात भागिले आकार केबीत), कमाल सहा तास. वरच्या तीन नोंदींना अनुक्रमे ६६०, ४,५०० आणि ६३९ सेकंद मिळतात. वाचताना ‘गेटएक्स’ या आज्ञेने मुदत पुन्हा लावा; घड्याळ आपोआप पुढे जातं, तोच चालता पाया. हुबेहूब ग्रीडी ड्युअल नव्हे, पण काम भागतं. तीन पथ्यं पाळावी लागतात. मुदत आता ताजेपणा सांगत नाही, म्हणून ‘कधीपर्यंत ताजं’ ही वेळ नोंदीच्या आत लिहायची. ‘गेटएक्स’ हे लिखाण धरलं जातं, ते रेप्लिकावर चालत नाही आणि प्रत्येक वेळी रेप्लिकाकडे पुढे जातं. म्हणून दहातल्या एकाच वाचनाला मुदत वाढवा, बाकी नऊ वेळा साधं ‘गेट’. आणि एकही नोंद मुदतीशिवाय टाकायची नाही, नाहीतर परत पागडी.

झुंबडीबद्दल. कोकणात जाणाऱ्या गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या दिवशी जागांची स्थिती दाखवणारी एकच नोंद सगळे मागतात. सेकंदाला २,००० मागण्या, मूळ डेटाबेसला ४०० मिलिसेकंद लागतात. नोंदीची मुदत संपली की पहिलं उत्तर यायच्या आत ८०० जण डेटाबेसवर जाऊन आदळतात. व्हॅल्की यावर स्वतः काही करत नाही, साधनं मात्र देतं. ‘सेट’ला ‘एनएक्स’ (आधी नसेल तरच लिही) आणि ‘पीएक्स ३०००’ (तीन सेकंदांनी आपोआप पुस) लावून छोटं कुलूप घ्या. ज्याला मिळालं तो डेटा आणेल, बाकीच्यांना शिळी नोंद द्या (ताजेपणाची वेळ वर सांगितल्याप्रमाणे नोंदीच्या आत असेल तर ती हाताशी असते). कुलूप सोडताना त्यात लिहिलेलं टोकन (खूण) आपलंच आहे ना हे सर्व्हरवर चालणाऱ्या लुआ स्क्रिप्टमध्ये तपासूनच पुसा. आणायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर ते दुसऱ्याचं झालेलं असतं. साध्या नोंदींना मुदतीत १० ते २० टक्के कमी-जास्त यादृच्छिक फरक पुरतो. एकाच लूपमध्ये एकाच मुदतीने भरलेल्या नोंदी एकाच क्षणी मरतात, आणि दर तासाला ठरल्या मिनिटाला सर्व्हर का अडखळतो हे कोणाला कळत नाही.

शिळ्या नोंदींचं मूळ बहुधा क्रमात असतं. आधी डेटाबेसमध्ये बदल पक्का करा, मग कॅशमधली नोंद पुसा. नवी किंमत कॅशमध्ये लिहायला जाऊ नका, दोन लिखाणं उलट्या क्रमाने पोचली तर जुनी किंमत बसून राहते. वाचन मागे पडलेल्या डेटाबेस-रेप्लिकावरून होत असेल तर एवढ्यानेही भागत नाही: नोंद पुसली, लगेच कोणी वाचली, रेप्लिकावरची जुनी किंमत परत कॅशमध्ये. रेप्लिका जितकी मागे राहते त्याहून थोड्या जास्त वेळाने दुसऱ्यांदा पुसा. 

ॲपच्या मेमरीतच प्रत ठेवायची सोय, म्हणजे ‘क्लायंट ट्रॅकिंग’, रेडिस ६ पासून आहे आणि व्हॅल्कीतही ती आलेली आहे. कोणी कोणती नोंद वाचली हे सर्व्हर लक्षात ठेवतो आणि बदल झाला की निरोप धाडतो. प्रत कधी ठेवावी? रोज तिकीट काढायचं की पास, हाच प्रश्न. किती दिवस जायचं ते माहीत नाही. पासाच्या किमतीइतके पैसे तिकिटांवर गेले की पास काढा, खर्च सर्वोत्तमाच्या दुपटीपलीकडे जात नाही. तसंच इथे: ‘ऑप्टइन’ (सांगाल त्याच नोंदीचा माग ठेवणारी) पद्धत घ्या आणि पहिल्याच वाचनाला प्रत न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्याला ठेवा. जोडणी तुटली की स्थानिक प्रती सगळ्या फेकून द्यायच्या, कारण मधले निरोप हरवलेले असतात. सर्व्हरची लक्षात ठेवायची यादी मुळात दहा लाख नोंदींची आहे; ती भरली की न बदललेल्या नोंदींचेही निरोप येऊ लागतात आणि प्रती विनाकारण रिकाम्या होतात.

पर्याय थोडक्यात. मेमकॅश्ड: फक्त नोंदी ठेवा-काढा एवढंच काम असेल तर आजही उत्तम, एकदा वाचलेल्या नोंदींना तो वेगळ्या कप्प्यात ठेवतो, पण नोंद मुळात १ एमबीपर्यंतच. जावावाल्यांनी कॅफीन, म्हणजे ॲपच्याच मेमरीत कॅश ठेवणारी लायब्ररी, आधी बघावी. एकाच मशीनवर भागत असेल तर नेटवर्कवर जायचंच कशाला?

इलास्टिकॅशवर व्हॅल्कीचे नोड रेडिसपेक्षा २० टक्के स्वस्त आहेत, सर्व्हरलेस (मशीन न निवडता वापरापुरते पैसे) ३३ टक्के, आणि सर्व्हरलेसमध्ये किमान आकार १०० एमबी, म्हणजे छोट्या दुकानालाही परवडतं. नोडवर २५ टक्के मेमरी राखीव जाते, ती धरूनच आकार निवडा. मुंबई रीजनमध्ये तीन झोन, म्हणजे डेटा केंद्रांचे वेगळे गट, आहेत. ॲप एका झोनमध्ये आणि कॅश दुसऱ्यात पडली तर वेळही जातो आणि डेटा ओलांडण्याचे पैसेही.

चालू केल्यावर ‘इन्फो’ आज्ञेतले आकडे आठवडाभर लिहून ठेवा. मिस जास्त आणि ‘इव्हिक्टेड कीज’ (जागेअभावी काढलेल्या नोंदी) शून्य: रॅम वाढवून उपयोग नाही, मुदती फार छोट्या आहेत. मिस जास्त आणि इव्हिक्टेडही भराभर वाढतायत: जागा कमी आहे, किंवा कोणीतरी अहवाल चालवतंय, वेळ बघा, पहाटेचे दोन असतील तर दुसरंच. इव्हिक्टेड वाढतायत पण मिस कमी: काही बिघडलेलं नाही, हात लावू नका.